साच्यातील रंगीत साबण

आमच्या शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला गेली काही वर्षे जो रंगीत साबण तयार होतो, त्याविषयी आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा साबण आम्ही ‘करतो’ असे म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी खऱ्या अर्थाने तो आम्ही करीत नाही. तो कारखान्यात आधीच झालेला असतो. आम्ही तो वितळवतो, रंगवतो आणि साच्यात ओततो. विज्ञान शिकविणारे आमचे एक सहकारी हे ऐकून दर वेळी हसतात आणि म्हणतात, “म्हणजे बाजारातून लाडू आणून ते फोडून पुन्हा वळण्यासारखेच की!” त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ओतकाम ही स्वतंत्र विद्या आहे. तांबटाने तांबे स्वतः खाणीतून काढले नाही म्हणून त्याच्या घागरीला कोणी नावे ठेवीत नाही.

मग साबण मुळापासून का करू नये, असा प्रश्न दर वर्षी एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच. त्याचे उत्तर साबणाच्या जन्मकथेतच आहे. तेल किंवा चरबी आणि दाहक अल्क यांचा संयोग झाला, म्हणजे दोन पदार्थ उत्पन्न होतात: एक साबण आणि दुसरे ग्लिसरीन. ह्या क्रियेला साबणीकरण म्हणतात. तेलातुपाच्या पोटात ग्लिसरीन आणि मेदाम्ले दडलेली असतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात दाखवून दिले. (हा शेव्रल १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली वारला, १०२ वर्षांच्या आयुष्यात त्याने साबणाचाच नव्हे, तर रंगांचाही सखोल अभ्यास केला. आपल्या आजच्या विषयाचा तो दुहेरी आजोबा म्हणावयास हरकत नाही.) ह्या संयोगासाठी लागणारा अल्क म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, बाजारातील कॉस्टिक सोडा. तो कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर दृष्टी घेऊ शकतो, आणि नुसत्या पाण्यात टाकला तरी पाणी कढत होते. असा पदार्थ तेराचौदा वर्षांच्या मुलांच्या हाती देणे आम्हास मुळीच मान्य नाही. तयार साबणात हे भांडण आधीच मिटलेले असते. अल्क तेलात पूर्णपणे खर्ची पडलेला असतो. म्हणून आमचा मार्ग हा.

जाता जाता शब्दाविषयी दोन शब्द. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कोकणी आणि शाळेत मराठी. घरी आम्ही ‘साबू’ म्हणतो, वर्गात ‘साबण’. मराठी ‘साबण’ ऐकला की अरबी ‘साबून’ आठवतो, आणि कोकणी ‘साबू’ ऐकला की पोर्तुगीज ‘साबांव’. पण दोन्हींच्या मागे लॅटिन ‘सापो’ उभा आहे. वेगवेगळ्या वाटांनी आलेले एकाच घरचे पाहुणे एका न्हाणीत भेटावेत, तसा हा प्रकार आहे.

आता, कोणताही साबण वितळवून चालेल काय? नाही. घरातील अंघोळीच्या साबणाची वडी किसून गरम केली, तर ती सरळ पातळ होत नाही. तिचा चिकट, गुठळ्यांचा लगदा होतो. साध्या साबणात बारीक स्फटिकांची दाट वीण असते. वितळवून ओतण्याच्या साबणात ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे पदार्थ आणि पुरेसे पाणी घातलेले असते. ते स्फटिक मोठे होऊ देत नाहीत. त्यामुळे साबण पारदर्शक दिसतो आणि मंद आचेवर सहज वितळतो. पारदर्शक साबणाची कल्पना नवी नव्हे. अँड्र्यू पेअर्स नावाच्या एका न्हाव्याने लंडनमध्ये १८०७ साली असा साबण बाजारात आणला आणि त्याचे नाव आजही आपल्याकडच्या दुकानांत दिसते. त्याने ग्लिसरीनच्या जोडीला मद्यार्काची मदत घेतली होती. आज बाजारात हा वितळविण्याचा साबण दोन प्रकारांत मिळतो: एक काचेसारखा पारदर्शक आणि दुसरा दुधासारखा पांढरा. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे शुभ्र रंगद्रव्य मिसळलेले असते. बाकी दोघे सख्खे भाऊ.

साच्यांशी आपला परिचय जुना आहे. मोदकाचा साचा कोणत्या घरी नाही? आणि नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून जे ताट येते, त्यातील मार्झिपानच्या मिठाया आठवा: शिंपले, मासोळ्या, पाने, फुले, अंगावर एकेक रेघ उठलेली. काजूच्या पिठाची ती मिठाई रबरी साच्यात दाबून काढतात. साबणासाठी हल्ली सिलिकोनचे साचे मिळतात. सिलिकोन उष्णतेने मऊ पडत नाही, वाकते, आणि त्याला साबण चिकटत नाही. त्यामुळे मोराच्या पिसातील रेघा, कमळाच्या पाकळ्यांच्या शिरा, माशाचे खवले, सारे काही वडीवर उमटते. कडक प्लास्टिकचे साचे स्वस्त असतात. परंतु त्यांतून खोल नक्षीची वडी काढताना चोच तुटते किंवा शेपूट मागे राहते. नवशिक्यांनी सिलिकोनच घ्यावे असे आम्ही सुचवू.

साच्याचे एक मर्म मात्र विद्यार्थ्यांच्या ध्यानात यावयास वेळ लागतो. साच्यात सर्व काही उलटे असते. जे खोल, ते वडीवर उंच. जे डावीकडे, ते उजवीकडे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे आधी ओतले ते पुढे दिसते. कागदावर चित्र काढताना आपण आधी पार्श्वभूमी रंगवतो आणि मग डोळ्याची बाहुली. साच्यात बाहुली आधी, पार्श्वभूमी सर्वांच्या शेवटी. तंजावरच्या मराठे राजांच्या काळी तेथे काचेवर मागच्या बाजूने चित्रे काढण्याची कला भरभराटीस आली होती. तो चित्रकारही असाच उलटा विचार करी: आधी दागिन्यातील मोती, मग दागिना, मग गळा, मग वस्त्र, आणि शेवटी मागचा पडदा. एकदा चुकीच्या क्रमाने रंग पडला की तो पुसल्याशिवाय सुटका नाही. आम्ही वर्गात साच्याला हात लावण्याआधी मुलांना कागदावर क्रमांक लिहावयास लावतो: पहिला रंग कोणता, दुसरा कोणता, शेवटचा कोणता. ज्या मुलाचा हा कागद नीट, त्याची वडी बहुधा नीटच निघते.

रंगांची गोष्ट अधिक रोचक आहे. पहिल्या वर्षी मुलांनी घरून जे रंग आणावयाचे ठरविले, त्यांची यादी वाचून आम्हास मौज वाटली: हळद, बीट, जास्वंद, होळीचा गुलाल, रांगोळीचे रंग आणि कपड्यांची नीळ. शेवटचे तीन आम्ही तत्काळ बाद केले. जे रंग अंगावर घासण्यासाठी तयार केलेले नाहीत, ते साबणात घालू नयेत, हा नियम. पहिले तीन मात्र प्रयोगासाठी ठेवले, आणि त्यांतून एक पूर्ण तास शिकण्यात गेला. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात ते ह्याच गुणावर. साबण स्वभावाने अल्कधर्मी असल्यामुळे त्यात हळदीचा शुद्ध पिवळेपणा टिकत नाही, तांबूस नारिंगी झाक येते. जास्वंदीच्या पाकळ्यांचा लाल रस साबणाच्या पाण्यात हिरवट होतो. बिटाचा सुंदर गुलाबी रंग तर थोड्याच दिवसांत तपकिरी पडतो. निसर्गातील रंग वाईट म्हणून नव्हे, तर साबणाशी त्यांचे पटत नाही म्हणून असे होते.

मग उरतात ते सौंदर्यप्रसाधनांसाठी म्हणून विकले जाणारे रंग. आणि ह्यांत दोन जाती आहेत. पाण्यात विरघळणारे रंग, जसे खाद्यरंग, साबणात विरघळून द्रावण होतात. साबण पारदर्शकच राहतो आणि रंगीत काचेसारखा चमकतो. न विरघळणारी रंगद्रव्ये, जसे लोह ऑक्साइड, अल्ट्रामरीन, क्रोमियम ऑक्साइड, यांचे सूक्ष्म कण साबणात तरंगत राहतात. हे झाले निलंबन. त्याने साबण अपारदर्शक होतो. (गेरूचा लाल रंग लोह ऑक्साइडचाच; परंतु अंगणातील गेरू वेगळा आणि शुद्ध केलेले रंगद्रव्य वेगळे.) ‘द्रावण’ आणि ‘निलंबन’ हे शब्द पाठ्यपुस्तकात होतेच, ते मुलांना खरोखर कळले ते ह्या पुढील प्रयोगाने. आम्ही दोन वड्या ओतल्या. दोन्हींत लाल थराच्या शेजारी पांढरा थर. एकीतील लाल खाद्यरंगाचा, दुसरीतील लोह ऑक्साइडचा. दोन्ही कपाटात ठेवून दिल्या. पंधरा दिवसांनी पाहतो तो पहिल्या वडीचा पांढरा थर कडेपासून गुलाबी होऊ लागला होता. दुसऱ्या वडीतील सीमारेषा सुरीने कापल्यासारखी होती. विरघळलेला रंग घनरूप साबणातूनही हळूहळू वाट काढतो. ह्याला विसरण म्हणतात. कण मात्र जागेवरून हलत नाहीत. अनेक रंगांच्या, बारीक नक्षीच्या वडीत खाद्यरंग का घालू नये, हे त्यानंतर कोणाला सांगावे लागले नाही.

तिसरा एक रंगप्रकार आहे, आणि मुलांना तोच सर्वांत प्रिय. तो म्हणजे अभ्रकाची चमकी. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर रंगद्रव्याचा लेप दिलेला असतो; त्यामुळे मोराच्या मानेसारखी झळाळी येते. साबणात तो स्थिरही राहतो. परंतु ह्या अभ्रकाविषयी वर्गात जे बोलणे झाले ते येथे लिहिणे आवश्यक वाटते. आपल्या देशात झारखंड आणि बिहारच्या पट्ट्यात अभ्रकाच्या खाणी आहेत. कोडरमा हे नाव तुम्ही भूगोलात वाचले आहे. तेथील पुष्कळशा जुन्या, सोडून दिलेल्या खाणींतून आणि मातीच्या ढिगांतून अभ्रकाचे तुकडे वेचण्याचे काम गरीब कुटुंबे करतात, आणि त्यांत लहान मुले असतात. अरुंद बिळांत शिरून खणताना माती अंगावर कोसळून मुले दगावल्याच्या बातम्या २०१६ साली जगभर प्रसिद्ध झाल्या. पुढे २०१७ साली, अभ्रक वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आणि सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन, हे काम बालमजुरीपासून मुक्त करण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. प्रश्न सुटलेला नाही.

ही माहिती आम्ही वर्गात वाचून दाखविली तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही. मग आठवीतील एका मुलाने विचारले, “सर, आपल्या डबीतला अभ्रक कोणी वेचला ते डबीवर लिहिलेले असते का?” डबी पाहिली, लिहिलेले नव्हते. दुसरी एक विद्यार्थिनी म्हणाली की, आपण विकत घेणे थांबविले तर त्या मुलांच्या घरी चूल कशी पेटेल? हाही प्रश्न खोटा नव्हे; त्या भागात काम करणारे लोकही तोच प्रश्न मांडतात. तो तास सुटेपर्यंत वाद चालू राहिला आणि त्याचा निकाल लागला नाही. मात्र त्या वर्षीचा मोर चमकीशिवाय करावयाचा, असे मुलांनीच हात वर करून ठरविले. सतरा विरुद्ध नऊ. कृत्रिम अभ्रकही मिळतो, तो प्रयोगशाळेत तयार करतात. तो महाग पडतो, परंतु ज्यांना झळाळी हवीच त्यांनी त्याची चौकशी करावी.

आता प्रत्यक्ष कृती. आम्ही मोराचाच साचा घेऊन सांगतो, कारण त्यात सर्व अडचणी एकत्र भेटतात. वडी सुमारे १०० ग्रॅमची आहे असे समजू. लागणारे सामान: पांढरा साबण ८० ग्रॅम, पारदर्शक ३० ग्रॅम (थोडा वाया जातोच), निळा अल्ट्रामरीन, क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा, लोह ऑक्साइडचा तांबडा व पिवळा, थोडे ग्लिसरीन, सर्जिकल स्पिरिटची फवारणीची बाटली, ड्रॉपर, दात कोरण्याच्या काड्या, कापसाचे बोळे, स्वयंपाकात वापरतात तसा तापमापक आणि लहान लहान वाट्या. ह्या वाट्या, पातेले, साचा सर्व साबणासाठीच राखून ठेवावे. तो साचा पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. मार्झिपानचे साचे आईकडून मागून आणण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आवरावा.

साबणाचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करा. मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यात साबणाचे भांडे बसवा. थेट ज्योतीवर साबण कधीही ठेवू नये. ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या सुमारास तो सरबतासारखा पातळ होतो. ७०च्या पलीकडे जाऊ देऊ नका. उकळला तर त्यातील पाणी उडून जाते, साबण पिवळट पडतो, दाट होतो आणि त्याला करपलेला वास येतो. भांड्यावर झाकण ठेवावे. ढवळणे अगदी हळू, तळाशी चमचा ठेवून. जोराने ढवळले की फेस होतो आणि फेसाचे बुडबुडे थेट मोराच्या डोळ्यात जाऊन बसतात.

रंगाची पूड कोरडीच साबणात टाकू नये, गुठळ्या होतात. वाटीत चिमूटभर पूड, वर ग्लिसरीनचे तीनचार थेंब, आणि काडीने घोटून गंधासारखे एकजीव करावे. सहाण आणि चंदनाचे खोड ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही घनता सांगावी लागत नाही. मग त्यात पातळ साबण घालावा. रंग थोडाच पुरे. फार घातला तर अंघोळीच्या वेळी फेसही रंगीत येतो आणि पंचाला डाग पडतात.

आता साच्यात उलट्या क्रमाने. प्रथम पिसाऱ्यातील प्रत्येक डोळ्याचा मधला निळा ठिपका. हा थेंब जवळजवळ मोहरीएवढा. येथे एक गंमत ध्यानात घ्या: पार्श्वभूमीसाठी आपण थंडसर साबण घेणार आहोत, परंतु ह्या थेंबांसाठी साबण चांगला गरम, ६५ अंशांच्या जवळपास हवा. थेंब जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा आणि तितका तो लवकर निवतो. थंड साबणाचा थेंब खाचेच्या तळाला पोहोचण्याआधीच गोठतो आणि ठिपक्याऐवजी गोळी होते. ड्रॉपरमध्येही साबण गोठतो. म्हणून तो कामाच्या मधल्या वेळात गरम पाण्याच्या पेल्यात उभा करावा आणि वापरण्यापूर्वी पुसून घ्यावा, म्हणजे पाणी साबणात जाणार नाही. थेंब बाजूला सांडला तर लगेच पुसू नये. दोनेक मिनिटांनी तो घट्ट झाला की काडीच्या टोकाने कातळावरचे शेवाळ खरवडावे तसा खरवडावा, आणि उरलेला ओघळ स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाने टिपावा. सर्व कौशल्य आहे ते ह्या खरवडण्यात. जी मुले घाईने पुढे जातात, त्यांच्या मोराच्या पिसाऱ्यावर निळे धुके पसरलेले दिसते.

निळ्या ठिपक्यानंतर त्याभोवतीचे तांबडे-पिवळे कडे, मग पिसांचा हिरवा भाग, मग मान आणि तुरा. मानेसाठी आम्ही पारदर्शक साबणात अगदी थोडा अल्ट्रामरीन घालतो. चमकी नसली तरी त्याला खोली येते. प्रत्येक रंगाच्या आधी पहिल्या रंगावर स्पिरिटची बारीक फवारणी. हे स्पिरिट दोन कामे करते. साबणाचा पृष्ठताण कमी झाल्यामुळे वर आलेले बुडबुडे फुटतात, आणि पहिल्या थरावर धरलेली साय किंचित ओली होऊन दुसरा थर तिला धरून बसतो. मात्र स्पिरिट पेट घेणारे आहे. फवारणीच्या वेळी जवळपास शेगडी, समई, उदबत्ती काहीही पेटलेले नसावे. आम्ही वर्गात गॅस वापरीतच नाही, विजेची शेगडी वापरतो, आणि ती बंद करून भांडे दुसऱ्या टेबलावर नेल्यावरच बाटली मुलांच्या हाती देतो. ज्या पालकांना घरी हा उद्योग मुलांबरोबर करावयाचा असेल, त्यांनी निदान एवढा एक नियम पाळावा.

शेवटी पार्श्वभूमी. पांढरा साबण वितळवून तो ५० ते ५२ अंशांपर्यंत निवू द्यावा. दुधावर साय धरावी तसा पापुद्रा कडेला दिसू लागतो, तीच खूण. ह्याच वेळी सुगंध घालावा, कारण फार गरम साबणात तो उडून जातो. शंभर ग्रॅमला एक ग्रॅम पुरे. दोनच्या वर जाऊ नये. व्हॅनिलाचा सुगंध मुलांना आवडतो, परंतु त्यातील व्हॅनिलिनमुळे पांढरा साबण काही दिवसांनी तपकिरी होतो. पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी मोगरा किंवा गवती चहा बरा. साच्यावर भरपूर स्पिरिट फवारून पांढरा साबण चमच्याच्या पाठीवरून हळू सोडावा, धार थेट नक्षीवर पडू देऊ नये. हा साबण ६० अंशांचा असेल तर खालचा मोर वितळून वाहू लागतो. उलट खालचे रंग पूर्ण थंडगार झाले असतील, तर थर एकमेकांना धरीत नाहीत आणि पहिल्याच अंघोळीत मोर पार्श्वभूमी सोडून उडून जातो. खालचा थर बोटाला घट्ट पण कोमट, वरचा पातळ पण निवलेला: ह्या दोहोंच्या मधली जी थोडी मिनिटे असतात, तीच ओतण्याची वेळ.

वडी साच्यात तीनचार तास, शक्य तर रात्रभर, सावलीत राहू द्यावी. लवकर निघावी म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. ती आम्हास पसंत नाही. बाहेर काढताच वडीला घाम फुटतो. वडीतील ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते आणि थंड वडीवर हवेतली वाफही जमते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत तर फ्रिजशिवायही हाच अनुभव येतो. गोव्याच्या पावसात मीठ ओले होते, पापड मऊ पडतात, तिथे ग्लिसरीनचा साबण कोरडा राहावा अशी अपेक्षाच चूक. म्हणून हे काम आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर घेतो. ज्यांना गणेशचतुर्थीच्या सुमारास करावयाचे असेल, त्यांनी वडी साच्यातून काढताच पातळ पारदर्शक कागदात घट्ट गुंडाळावी. घामाने साबण बिघडत नाही, फक्त दिसावयास वाईट.

साचा उलटा करून आपटू नये. आधी चारी कडा बाहेर ओढून हवा आत शिरू द्यावी, मग मागून अंगठ्याने मधोमध दाब द्यावा. तुरा, चोच, शेपटीचे टोक हे भाग शेवटी सोडवावेत. जेथे वडी धरून बसली आहे असे वाटेल, तेथे आणखी एक तास थांबावे.

एका घरची हकीगत येथे सांगितली पाहिजे. ताईने केलेल्या शिंपल्याच्या आकाराच्या दोन वड्या फळीवर होत्या. तीन वर्षांच्या धाकट्या भावाने नाताळची मिठाई समजून एकीचा चावा घेतला. तोंड धुवून, पाणी पाजून डॉक्टरांना दाखविले. मुलाला काही झाले नाही. परंतु लहान मुलाने मोठा घास घेतला असता, तर तो घशात अडकण्याचा धोका होताच. त्या दिवसापासून आमच्या वर्गात फळे, मिठाया आणि चॉकलेट यांच्या आकाराचे साचे वापरले जात नाहीत, आणि प्रत्येक वडीच्या वेष्टनावर ‘साबण: खाण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी मुले स्वतः लिहितात. तेवढ्याच चिठ्ठीवर रंगद्रव्यांची आणि सुगंधाची नावेही लिहावीत. एखाद्याच्या कातडीला काही सोसत नसेल तर त्याला आधी कळेल.

प्रदर्शनात वड्या पाहून पालक विचारतात, ह्या विकत का देत नाही? आपल्या देशात १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत साबणही येतो, आणि विक्रीसाठी तो तयार करणाऱ्यास परवाना लागतो. त्याचे सध्याचे नियम २०२० सालचे आहेत. शाळेला तो परवाना नाही. म्हणून वड्या भेट दिल्या जातात. पुढे ज्या विद्यार्थ्याला ह्याचा व्यवसाय करावासा वाटेल, त्याने आधी परवान्याची चौकशी करावी, मग साचे घ्यावेत.

राहता राहिले खरवडलेले तुकडे. हे सर्व रंगांचे असतात, आणि ते एकत्र वितळविले तर चिखलाचा रंग येतो. दर वर्षी कोणीतरी तो करून पाहतोच. त्यापेक्षा त्यांचे लहान लहान चौकोन कापावेत, तासभर गार जागी ठेवावेत, स्पिरिटने ओले करून साध्या चौकोनी साच्यात पसरावेत आणि वर ५० अंशांचा पारदर्शक साबण सोडावा. चौकोन गार आणि साबण निवलेला असेल तर कडा वितळत नाहीत. सकाळी वडी उजेडात धरली की आत निळे, हिरवे, तांबडे तुकडे जागच्या जागी दिसतात.